मराठी ग्रंथकाराचा चरितार्थ : यवतमाळच्या दोन संमेलनांच्या अनुषंगाने

दि. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले, ते त्याच जिल्ह्यातील राजूर गावच्या श्रीमती वैशाली येडे यांच्या हस्ते. येडे या ग्रंथलेखनासाठी प्रसिद्ध नव्हत्या. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसाराचा भार एकटीने वाहणारी स्त्री, हीच त्यांची तोवरची ओळख होती. उद्घाटनासाठी प्रथम इंग्रजी कादंबरीकार नयनतारा सहगल यांना निमंत्रण दिले गेले होते. ते मागे घेण्यात आले, त्यावरून मोठा वाद उद्भवला, आणि साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. त्या वादाचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्या प्रसंगातून एक निराळा प्रश्न उपस्थित झालेला दिसेल. राजूरसारख्या गावातील आवाज साहित्याच्या व्यासपीठापर्यंत कोणत्या वाटेने पोचला?

ती वाट रंगभूमीची होती. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नी व मुली स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. येडे त्यांपैकी एक होत्या. यातील विशेष असा की, हे घडले तेव्हा अंकीय माध्यमे विदर्भाच्या खेड्यापाड्यांत येऊन पोचली होती. २०१६ च्या उत्तरार्धात भ्रमणध्वनीवरील माहितीजालाचा दर एकाएकी उतरला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तके आणली. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने मराठी ध्वनिपुस्तकांचा व्यवसाय भारतात सुरू केला. प्रकाशनाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आले होते. तरीही राजूरची स्त्री व्यासपीठावर आली ती चारचौघांनी मिळून केलेल्या नाटकामुळे. 'डिजिटल युगात लेखक म्हणून उभे राहणे आता सर्वांस सुलभ झाले' हे विधान आज सर्रास केले जाते. त्याची ऐतिहासिक तपासणी करावयाची तर हा प्रसंग सोयीचा आहे.

लेखक होणे आणि लेखनावर जगणे या दोन गोष्टी मराठीत कधीच एक नव्हत्या. इंग्रजी अमदानीतील पहिला व्यवस्थित मोबदला म्हणजे दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांस वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी कंपनी सरकारने चालू ठेवला होता. त्याचा काही भाग देशी भाषेतील ग्रंथांकडे वळवावा, अशी मागणी पुण्यातील सुधारणावाद्यांनी १८४९ साली केली व तिच्यातून १८५१ साली ही समिती आली. भाषांतरे व उपयुक्त ग्रंथ यांस तिने उत्तेजन दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उत्तेजन देणारा हात निवडही करीत असतो. जोतीराव फुले यांनी १८५५ साली रचलेले 'तृतीय रत्न' हे नाटक समितीने स्वीकारले नाही. पुढे १८८३ साली पुरा झालेला त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने निघालाच नाही. काही प्रकरणे 'दीनबंधू' पत्राने छापली आणि पुढील छपाई थांबविली. फुले यांचा चरितार्थ बांधकामाच्या मक्तेदारीवर चाले. म्हणूनच पुस्तके स्वतःच्या हिमतीवर काढणे त्यांना शक्य झाले. ज्याला आज 'स्वयंप्रकाशन' म्हणतात त्याचे अर्थशास्त्र या एका उदाहरणात पुरेसे स्पष्ट होते. प्रकाशनाचे स्वातंत्र्य त्यांनी लेखनाबाहेरच्या कमाईवर मिळविले होते.

साहित्य संमेलनाचा उगमही ग्रंथकारांच्या याच विवंचनेपाशी आहे. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात जी सभा भरली ती 'ग्रंथकारांची' होती. ग्रंथांची निपज व्हावी आणि त्यांना गिऱ्हाईक मिळावे, ही तिच्यामागची व्यावहारिक चिंता होती. १८८५ च्या सभेचे निमंत्रण फुले यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हिताची दखल न घेणाऱ्या ग्रंथकारांत मिसळण्याचे कारण नाही, असा त्या प्रसिद्ध पत्राचा आशय होता. असूडाच्या कर्त्याने ज्या सभेकडे पाठ फिरविली तिच्याच उत्तराधिकारी संमेलनाचे उद्घाटन १३४ वर्षांनी शेतकऱ्याच्या विधवेने केले. या योगायोगातून फारसे अनुमान काढणे योग्य होणार नाही. तथापि तो नोंदवून ठेवण्याजोगा खास आहे.

समितीच्या पाठोपाठ नियतकालिकांचे युग आले आणि लेखकाच्या मिळकतीला पहिल्यांदा काही सातत्य लाभले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते सरकारी शिक्षक होते. १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. परंतु तोवर त्यांनी चित्रशाळा व छापखाना यांत हात घातला होता. केवळ लेखणी पुरणार नाही हे त्यांस कळले होते. हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले व 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. वाचक आठवड्याच्या आठवड्याला पुढील भागाची वाट पाहतो, पसंती-नापसंती कळवितो, वर्गणी भरतो किंवा थांबवितो, हा सारा व्यवहार मराठीत तेव्हाच रूढ झाला होता. आज प्रतिलिपीसारख्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने कथा लिहिणाऱ्या लेखकास आपण काही नवे करीत आहो असे वाटत असेल, तर त्याने 'करमणूक'चे जुने अंक अवश्य चाळावेत. मात्र हरिभाऊंचा योगक्षेम त्या साप्ताहिकाने वाहिला नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. मराठी कादंबरीला आकार देणारा लेखक संस्कृत पोथ्यांच्या प्रकाशन-संस्थेच्या आश्रयाने लिहीत होता.

केशवसुतांस तर तोही आधार नव्हता. गावोगाव शिक्षकी करीत १९०५ साली ते हुबळीस वारले. त्यांच्या कवितेचा संग्रह १९१७ साली, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, हरिभाऊंनीच काढला. राम गणेश गडकरी नाटक मंडळीच्या आश्रयाने वाढले. त्यांची अखेर विदर्भात, सावनेर येथे १९१९ च्या जानेवारीत झाली. नाटकाचा धंदा त्या काळी पैसा ओढणारा होता. पण तो पैसा प्रथम कंपनीच्या मालकाकडे, मग गायक नटाकडे आणि उरलासुरला नाटककाराकडे जाई. या उतरंडीचा विसर पडता कामा नये, कारण पुढील प्रत्येक माध्यमात तीच पुन्हा दिसते.

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. जाहिरातदार, संपादक, लेखक व वाचक अशी चौघांची साखळी त्यातून तयार झाली, आणि वर्षातून एकदा तरी लेखनाचे रोख दाम हाती येऊ लागले. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेले 'किर्लोस्कर' हे मूळचे नांगर व यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र. शेतकऱ्याला विकलेल्या नांगरांनी मध्यमवर्गीय कथालेखकांस मानधन पुरविले, असे थोड्या गमतीने म्हणता येईल. या नियतकालिकांनी दामाइतकीच मोलाची दुसरी गोष्ट दिली, ती म्हणजे संपादक. तो लेख परत पाठवी, दुरुस्ती सुचवी, नव्या लेखकास पुढे आणी. त्याचे पूर्वग्रह होते, त्याच्या जातिवर्गाच्या मर्यादाही होत्या. परंतु परगावच्या लेखकाने पाठविलेल्या हस्तलिखिताला निदान एक चिकित्सक वाचक हमखास मिळत असे.

विदर्भाची स्थिती यात काहीशी निराळी राहिली. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे, नंतर इंग्रजांच्या ताब्यात व १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला. मराठी मुद्रणाची व ग्रंथविक्रीची पेठ मात्र पुणे-मुंबईत. १९२३ साली विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला तो या अंतराची जाणीव तीव्र झाल्यामुळे. येथील लेखक प्रायः वकिली, शिक्षकी वा पत्रकारी करून लिहीत आला. ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या 'तरुण भारत'चे दीर्घकाळ संपादक होते. वणीचे लोकनायक बापूजी अणे वकिली व राजकारण सांभाळून संस्कृतात 'तिलकयशोऽर्णव' रचीत होते. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाल्यावर लेखनाला एक नवे गिऱ्हाईक लाभले. वऱ्हाडी बोलीला पुस्तकापेक्षा व्यासपीठाने आणि ध्वनीने अधिक आधार दिला. यवतमाळ जिल्ह्याचे कवी शंकर बडे यांचा 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग हे त्याचे ठळक उदाहरण. छापील मराठीत जी बोली अशुद्ध म्हणून दुरुस्त केली जाई तीच रंगमंचावर श्रोत्यांनी दाद देऊन स्वीकारली. 'तेरवं'चा मार्ग अगदीच अनपेक्षित नव्हता, हे या परंपरेवरून ध्यानात येईल.

२०१९ पूर्वी यवतमाळने साहित्य संमेलन पाहिले ते १९७३ साली, आणि त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. चरितार्थाच्या दृष्टीने पाहता माडगूळकर हे मराठीतील अपवादात्मक उदाहरण होय. त्यांनी नोकरीच्या सावलीत लेखन केले नाही. लेखनच केले, आणि ते विकले. गीते, कथा, पटकथा, संवाद असे सर्व प्रकार त्यांनी चित्रपटासाठी हाताळले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे 'गीतरामायणा'ची ५६ गीते प्रसारित झाली. सुधीर फडके यांच्या संगीतासह ती घरोघर पोचली. यंत्राच्या वेळापत्रकानुसार काव्य निर्माण करण्याची ही शिस्त कित्येक शुद्धतावादी समीक्षकांस तेव्हा खटकत असे. चित्रपटाकडे वळलेले ते एकटे नव्हते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यास शाळा चालवीत होते, आणि १९३६ चा 'छाया' हा चित्रपट त्यांच्या कथेवरचा. परंतु नव्या माध्यमाच्या मिळकतीवर उभा राहिलेला कवी संमेलनाध्यक्षपदी बसला, हे १९७३ च्या यवतमाळ संमेलनाचे महत्त्व आहे. माडगूळकरांना जे साधले ते सर्वांस का साधले नाही, याचे उत्तर प्रतिभेत जितके आहे तितकेच भूगोलातही आहे. मराठी चित्रपटाचा उद्योग कोल्हापूर, पुणे व मुंबई या तीन शहरांत एकवटला होता आणि माडगूळकर तेथे होते. त्याच तोडीचा गीतकार वऱ्हाडातील एखाद्या खेड्यात राहिला असता तर त्याची गाणी लग्नमांडवांपलीकडे गेली असती, असे खात्रीने सांगता येत नाही.

अंकीय युगाने बदलले ते हे अंतर. हा बदल खरा आहे व त्याचे मोल कमी लेखू नये. अर्थात तो एका दिवसात झाला नाही. संगणकावर देवनागरी आली तरी दीर्घकाळ प्रत्येक मुद्राक्षर-संचाची सांकेतिक लिपी स्वतंत्र होती. एका छापखान्यात जुळविलेला मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांची खिचडी होई. भारतीय मानक संस्थेची 'इस्की' ही संकेतप्रणाली आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही १९९१ च्या. परंतु मराठी वृत्तपत्रे व प्रकाशक यांच्या कचेऱ्यांतील कारभार पुढे कित्येक वर्षे जुन्याच संचांवर चालला. 'दुसऱ्या' मधील अर्धा र नीट उमटावा एवढ्यासाठी संकेतप्रणालीत स्वतंत्र तजवीज करावी लागली. या अडचणी ज्यांना प्रथम जाणवल्या ते बहुधा परदेशस्थ मराठी लोक होते. 'मायबोली' हे संकेतस्थळ अमेरिकेतून १९९६ साली सुरू झाले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. पुढे भ्रमणध्वनीवर युनिकोड सहज उमटू लागले तेव्हा वणी-कळंब भागातील तरुणास पुण्याच्या प्रकाशकाची परवानगी लागेनाशी झाली. दक्षिणा समितीपासून चालत आलेला दरवाजा उघडला, तो या अर्थाने.

दरवाज्याच्या आत मोबदला कसा आहे, याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणतः हजार प्रतींची व लेखकाचे स्वामित्वधन सामान्यतः दहा ते पंधरा टक्के, असे धरून चालण्याची रीत आहे. २०० रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्क्यांनी हजार प्रतींचे २०,००० रुपये होतात, आणि आवृत्ती संपण्यास चार-पाच वर्षे लागली तर वर्षाकाठी चार-पाच हजार. किंडलवर लेखक स्वतः प्रकाशक होतो तेव्हा पुस्तकाची किंमत व अटी यांनुसार त्याचा वाटा ३५ किंवा ७० टक्के असतो. टक्केवारी पाहून हुरळून जाण्याचा मोह होतो. परंतु किंमत ५० रुपये ठेवली आणि शंभर प्रती खपल्या तर ३५ टक्क्यांनी हाती येतात १,७५० रुपये. वाटा वाढला, पण ज्याचा वाटा घ्यावयाचा ती रक्कमच लहान झाली. प्रतिलिपीसारख्या, २०१४ साली बंगळुरूस स्थापन झालेल्या, संस्थेने वाचकांच्या वर्गणीचा मार्ग आणला. तेथे सातत्याने व भरपूर लिहिणाऱ्यास लाभ होतो. हजारांवर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा धडा तेथे पुन्हा गिरविला जात आहे, एवढेच. ज्याचा पिंड वर्षातून दोन कविता लिहिण्याचा आहे त्याला तेथे काही मिळण्यासारखे नाही. अरुण कोलटकरांनी जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शन करून कविता सांभाळली. तशी दोन दगडांवर पाय ठेवण्याची गरज आजच्या कवीसही टळलेली नाही.

याहूनही कमी चर्चिली गेलेली एक गोष्ट आहे. साने गुरुजींचे निधन १९५० चे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो, म्हणून २०११ च्या आरंभापासून 'श्यामची आई' कोणासही छापण्यास वा वाटण्यास मोकळी झाली. वाचनीयतेत जिच्याशी कोणत्याही नव्या पुस्तकाने स्पर्धा करावी अशी ती कृती भ्रमणध्वनीवर फुकट मिळते. ई साहित्य प्रतिष्ठानसारखे उपक्रम तर हयात लेखकांचीही पुस्तके त्यांच्या संमतीने विनामूल्य देतात. वाचकांच्या दृष्टीने हे पुण्यकर्मच आहे. पण वाचनासाठी दाम मोजण्याची सवय आधीच क्षीण असलेल्या समाजात तिचा आणखी ऱ्हास होतो, हेही खरे.

लेखकाच्या बाजूने एक बळ मात्र अलीकडे आले आहे, आणि ते तंत्राने दिलेले नसून कायद्याने दिले आहे. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने असे ठरविले की, करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असे मानले जाणार नाही. चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात अंतर्भूत झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकास पुढील वापराच्या स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क सोडून देता येत नाही, असेही तीत आहे. करारात मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षांची धरावी, ही तरतूद तर पूर्वीपासूनच कायद्यात आहे. पूर्वी नाटक कंपनी व चित्रसंस्था यांच्या उतरंडीत तळाशी राहिलेल्या लेखकाला ही कलमे वरच्या पायरीवर आणू शकतात. अडचण इतकीच की, मराठी लेखकाला करार वाचण्याची सवय नाही. किंबहुना, तोंडी बोलण्यावर पुस्तक देणे हेच सौजन्याचे लक्षण मानले गेले. कापूस मोजणाऱ्या अडत्याची पावती शेतकरी जपून ठेवतो. लेखकाकडे आपल्या पुस्तकाच्या खपाची तेवढीही पावती बहुधा नसते. अंकीय विक्रीत खपाचा आकडा लेखकास निदान दिसतो, ही सुधारणा त्या मानाने मोठीच म्हटली पाहिजे.

पुनश्च २०१९ कडे वळल्यास, त्या संमेलनाच्या वेळी दोन भाषणे चर्चेत होती. सहगल यांचे व्यासपीठावर न झालेले भाषण वृत्तपत्रांतून व संगणकजालावरून मराठी अनुवादासह सर्वत्र प्रसृत झाले. येडे यांचे झालेले भाषण दृक्‌मुद्रणाच्या रूपाने हातोहात फिरले. माडगूळकरांच्या काळी प्रसार झाला की त्यामागोमाग मानधनही येई. रेडिओ व चित्रपट यांच्या हिशेबवह्यांत लेखकाचे नाव असे. या दोन भाषणांचा प्रसार मात्र कोणाच्याही हिशेबवहीत लेखकाच्या नावे जमा झाला नाही. संमेलनाच्या अध्यक्षा डॉ. अरुणा ढेरे होत्या. त्यांची निवड निवडणुकीविना, एकमताने झाली होती, आणि कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके व विजया राजाध्यक्ष यांच्यानंतर त्या पाचव्या अध्यक्षा ठरल्या.

येडे यांनी त्याच वर्षी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढविली. ती त्या जिंकल्या नाहीत. व्यासपीठावर जे बोलले गेले ते त्यांचे होते, पण त्यांचा चरितार्थ शिवणकाम व अंगणवाडीतील काम यांवर चालत होता.